ग्रेनकाका

आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. गाडी बाहेर, बर्फात. आत पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, या माणसानं घरातच सराफी पेढी थाटलीय. टेबलावर हिरवं कापड, वर झगझगीत पांढरा दिवा, काचेच्या पेटीत तराजू आणि कपाळावर भिंग चढवून बसलेले हे. पुढ्यात तांबूस, चकचकीत, टोकदार वस्तूंची रास. त्यातली एक चिमट्यानं उचलायची, तराजूत ठेवायची, आकडा पुटपुटायचा आणि समोरच्या सात वाट्यांपैकी एकीत टाकायची. लहानपणी कोल्हापूरच्या गुजरीत आईबरोबर तासन्‌तास बसलोय, त्यामुळे मला घरी आल्यासारखंच वाटलं. गुजरीतला सराफ निदान 'या, बसा' तरी म्हणायचा. यांनी मान वर केली नाही.

"जरा हळू श्वास घे," म्हणाले. "तराजूला वारा लागतो."

नवा शेजारी म्हणून मी शिऱ्याचा डबा घेऊन गेलो होतो. तो हातात धरून, श्वास आवरून, पंधरा मिनिटं उभा राहिलो.

हे ग्रेनकाका. वय अडुसष्ट, उंची सहा फूट दोन इंच, जमीन मोजणीच्या सरकारी नोकरीतून निवृत्त. आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात, डोंगराच्या पायथ्याला, त्यांच्या कुंपणाला आमचं कुंपण लागून आहे. मी इथं एका चिप बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे; म्हणजे एकासारखी दुसरी वस्तू का होत नाही, या प्रश्नावरच माझंही पोट चालतं. ग्रेनकाका हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं, कारण हा माणूस जगातल्या कुठल्याही गोष्टीचं वजन ग्रेनमध्ये सांगतो. चष्म्याचं, पोस्टातून आलेल्या पाकिटाचं, नातवाच्या पडलेल्या दाताचं.

सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. इंग्रजांनी जवाचा दाणा धरला, आपण गुंज धरली. मला त्यातली गंमत उशिरा कळली. इंग्रज सरकारनं १८३३ साली हिंदुस्थानचा तोळा ठरवून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि ग्रेनकाकांची आवडती गोळीही १८० ग्रेनचीच. एका खोक्यात शंभर गोळ्या, म्हणजे शंभर तोळे. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच, "शंभर तोळं? आणि गाडी बाहेर ठेवतोय त्यो?"

ग्रेनकाका हँडलोडर आहेत. हँडलोडर म्हणजे दुकानात तयार काडतुसं मिळत असताना ती न घेता घरी भरणारा माणूस. घरी लोणचं घालणाऱ्यांना जो ताठा असतो तोच यांना असतो. विकतचं काडतूस म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर बाटलीतलं लोणचं बघितल्याचा भाव येतो. काडतुसात चार वस्तू: पितळी पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. बार उडाला की पुंगळी परत येते, ती पुन्हा पुन्हा भरता येते. बाकी तीन गेल्या त्या गेल्या.

यातल्या 'दारू' या शब्दानं आमच्या घरात बराच घोळ घातला. ग्रेनकाकांच्या धर्मपंथात दारूच काय, चहा-कॉफीही वर्ज्य. पण गॅरेजच्या फळीवर आठ-आठ पौंडांचे डबे, आणि मी आईला सांगतोय की शेजारी रात्री अकरापर्यंत दारू भरत बसतात. आईनं बरेच दिवस त्यांच्या बायकोची काळजी केली. तसाच घोळ उलट्या बाजूनंही झाला. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "बुलेटशी कधी संबंध आलाय का?" मी म्हटलं, "वडिलांकडे वीस वर्षं होती. फक्त थंडीत किक मारून मारून पाय दुखायचा." त्यावर ते बराच वेळ विचारात पडले होते.

त्यांची दारू मोजण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. ही आता पूड राहिलेली नाही. बारीक तुकडे केलेल्या शेवयांसारखे काळे दाणे असतात. डब्यावर हॉजडन या अमेरिकन कंपनीचं नाव, पण माल बनतो ऑस्ट्रेलियात. एक दाणा भरतो ग्रेनच्या पन्नासाव्या भागाएवढा. ग्रेनकाका तो दाणा चिमट्यानं टाकतात, तराजूकडे बघतात, काढतात, दुसरा, जरा आखूड, शोधून टाकतात. माझ्या आजीनं सत्यनारायणाच्या अक्षतासुद्धा इतक्या निवडल्या नव्हत्या.

आता मुद्दा असा. दारू त्यांनी मोजलेली. पुंगळी त्यांनी तापवून मऊ केलेली, तोंड छाटून सारखं केलेली. टोपी त्यांनी बसवलेली. रायफल त्यांची, दुर्बीण त्यांची, खांदा त्यांचा. सगळं घरचं. परक्या घरून आलेली एकच: गोळी. ती कुठल्याशा कारखान्यात जन्मली, तिच्यावर कोणते संस्कार झाले कोण जाणे. तेव्हा नेम चुकला तर दोष कुणाचा, हे सांगायला नको. माझी बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "म्हणजे गोळी ही या घरातली सून."

आणि सुनेकडून अपेक्षा तरी किती! कागदावर भोकं पाडणारी गोळी असते, तिला नुसतं सरळ जायचं असतं. शिकारीच्या गोळीला सरळही जायचं असतं आणि लागल्यावर उमलायचंही असतं. हजार यार्डांवर दमून पोचली तरी उमललं पाहिजे, आणि पन्नास यार्डांवर पूर्ण वेगात आदळली तरी फुटून भुगा होता कामा नये. नाक सुईसारखं हवं, कातडं पातळ हवं, पण चिवट हवं. 'शिकलेली, नोकरी करणारी, घरकामाची आवड असलेली, मोठ्यांचा मान राखणारी' या जाहिरातीतून जी मुलगी मिळायची तीच मिळते; मग खोकं उघडल्यापासून तक्रारी.

हे दुखणं जुनं आहे. ग्रेनकाका त्याची कथा व्रतातल्या कहाणीसारखी सांगतात. १९४६ सालची गोष्ट. जॉन नॉसलर नावाचा एक ट्रकवाला कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे घोड्याहून दांडगं हरीण, आणि हे होतं चिखलात लोळून आलेलं. नॉसलरच्या गोळ्या त्या वाळक्या चिखलावर आणि कातड्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. तो घरी आला आणि त्यानं गोळीच्या पोटात मधोमध तांब्याची भिंत घातली. पुढचा भाग फुटला तरी मागचा आत घुसतो. १९४८ मध्ये त्यानं त्याची कंपनी काढली, ती आमच्या शेजारच्या ऑरेगॉन राज्यात अजून चालते. कहाणी संपली की ग्रेनकाका काही क्षण गप्प बसतात. उतू नये, मातू नये एवढंच म्हणायचं बाकी असतं.

मी यात ओढला गेलो ते माझ्या धंद्यामुळे आणि थोडं वडिलांमुळे. वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सूत आणि थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हे शब्द मी बाराखडीबरोबर शिकलो. त्यामुळे एका संध्याकाळी ग्रेनकाका कुंपणावरून ओरडले, "चार थाऊचा फरक! एकाच खोक्यात!" तेव्हा मला माहेरची हाक आल्यासारखं झालं. चपला घालून गेलो.

फरक लांबीत होता. पण टोकापासूनच्या लांबीत नव्हे. टोक तर प्रत्येक गोळीचं वेगळंच असतं, ते मोजून उपयोग नाही. गोळीचं पोट जिथून नाकाकडे वळायला लागतं त्या वळणाला ओजाइव्ह म्हणतात. ठरावीक भोकाची एक पितळी चकती व्हर्नियरला लावायची, तिच्यात गोळीचं नाक अडकवायचं आणि बुडापासून त्या अडकलेल्या जागेपर्यंत मोजायचं. नळीच्या आतल्या आट्यांना गोळी पहिल्यांदा शिवते ती साधारण तिथंच, म्हणून ते माप महत्त्वाचं. ग्रेनकाकांनी शंभर गोळ्या मोजल्या होत्या, वहीत लिहिल्या होत्या, आणि सरासरी काढून स्वतःचं रक्त आटवत बसले होते.

मी ते आकडे घरी आणून संगणकावर मांडले. आलेख आला तो एका टेकडीचा नव्हता, दोन टेकड्यांचा होता. मधे खिंड. आमच्या कारखान्यात असा आलेख दिसला की शिकाऊ पोरगाही सांगेल: माल एका मशीनचा नाही, दोन मशीनचा आहे, आणि पुढं कुणीतरी एकाच टोपल्यात ओतलाय. गोळी कशी बनते? तांब्याची वाटी ओढून ओढून नळी करायची, तिच्यात शिशाचा तुकडा दाबायचा, मग साच्यात ठोकून नाक काढायचं. साचे झिजतात, बदलतात. शेजारशेजारच्या दोन प्रेसवर दोन साचे असतात, त्यांची वळणं केसभर वेगळी. प्रत्येक प्रेसचा माल आपापल्या जागी चोख. घोळ टोपल्यात.

हे मी सांगितलं तेव्हा ग्रेनकाकांनी मला मिठी मारली. अमेरिकेत आल्यापासून माझ्या कामाची इतकी कदर कुणी केली नव्हती. आमच्या साहेबांनी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचा आणि माझा काही वाकडेपणा नाही. पलीकडची बाई गोड होती. तिनं वीस गोळ्या नमुन्याला मागवल्या. ग्रेनकाकांनी प्रत्येक गोळी वेगळ्या पुडीत बांधली, पुडीवर नंबर, वजन, लांबी, मोजतानाचं तपमान. पंधरा दिवसांत बदली खोकं आलं, फुकट. शंभरच्या शंभर गोळ्या एका वळणाच्या. मी म्हटलं, "झालं की तुमच्या मनासारखं." ग्रेनकाका खिन्न होते. "निवडून पाठवल्यात," म्हणाले. "मला खूश करायला. बाजारात असा माल नसतो." ते खोकं त्यांनी अजून वापरलेलं नाही. देवाच्या फोटोखाली ठेवावं तसं वरच्या फळीवर ठेवलंय.

बाजाराचीही गोष्ट खरी आहे म्हणा. २०२० च्या कोविडच्या वर्षात अमेरिकेत टॉयलेट पेपर मिळेना तसं टोप्या, दारू, गोळ्या काहीच मिळेना, आणि ते पुढं दोनेक वर्षं चाललं. ज्याला जे मिळेल ते त्यानं उचललं. ग्रेनकाकांकडे एकाच जातीच्या गोळ्यांचे सतरा वेगवेगळे लॉट आहेत. दोन लॉट एकमेकांना भेटू नयेत म्हणून त्यांनी कपाटात पार्टिशन टाकलंय.

लांबी-वजनाचं एक वेळ घरी कळतं. खोक्यावर छापलेला आणखी एक आकडा असतो, त्यानं मात्र शिकाऱ्यांची एक अख्खी पिढी फसवली. त्याला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात, बोलताना बीसी. गोळी हवा किती लीलया कापते त्याचं ते माप. जास्त बीसी म्हणजे वाऱ्यानं कमी हलणार, वेग कमी घटणार. हा आकडा पूर्वी कंपनीच सांगायची, आणि स्थळाच्या पत्रिकेत मुलाची उंची जशी मुलाकडचेच सांगतात तसं व्हायचं. पाच फूट आठ लिहिलंय म्हणजे बुटासकट पाच सहा धरायचं. मग ब्रायन लिट्झ नावाच्या एका एरोस्पेस इंजिनिअरनं स्वतः गोळ्या उडवून, वेग मोजून, २००९ मध्ये पुस्तकच काढलं. बऱ्याच नवरदेवांचे बूट त्यात उतरले. ग्रेनकाकांची प्रत मी पाहिलीय. ज्ञानेश्वरीसारखी फडक्यात असते.

त्यावर कडी केली २०१५ मध्ये हॉर्नेडी कंपनीनं. गोळीच्या नाकाला हल्ली प्लास्टिकचं टोक असतं. यांनी डॉपलर रडार लावून उडत्या गोळीचा माग काढला आणि जाहीर केलं की लांबच्या पल्ल्यात हवेच्या घर्षणानं हे टोक वितळतं, नाक बोथट होतं, बीसी उतरतो. म्हणून आम्ही न वितळणारं टोक काढलंय, घ्या. ग्रेनकाकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री ते झोपले नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या गोळ्यांची नाकं वाटेत गळत होती आणि दोष ते स्वतःच्या खांद्याला देत होते. "दोष स्वतःला?" त्यांची बायको आतून म्हणाली. "कधी?"

एकदा मी त्यांच्याबरोबर नेमबाजीला गेलो. शहराच्या दक्षिणेला स्नेक नदीच्या अलीकडे सेजब्रशचा उजाड माळ आहे, नजर जाईल तिथपर्यंत सरकारी जमीन. सांगलीहून जतकडे जाताना जसा माळ लागतो तसा, फक्त बाभळीऐवजी राखाडी झुडपं. ग्रेनकाकांनी चटई अंथरली, पोत्याची उशी लावली, वारा मोजायचं भिंगरीचं यंत्र काढलं, आणि पाऊण तासानं पहिला बार काढला. मग दुसरा, मग तिसरा. दुर्बिणीतून बघितलं: दोन भोकं एकमेकांना चिकटून, तिसरं हातभर लांब.

"तो धरायचा नाही," ग्रेनकाका म्हणाले. "तो फ्लायर."

फ्लायर म्हणजे गटातून फुटून भलतीकडे गेलेला बार. मराठीत उडाणटप्पू. ग्रेनकाकांच्या हिशेबात उडाणटप्पू कधी नेमबाजाचा नसतो, गोळीचा असतो. त्याला वगळून राहिलेल्या दोन भोकांवरून त्यांनी वहीत गट लिहिला: उत्तम. मी चाचरत म्हटलं, तीन बारांवरून लॉट चांगला की वाईट हे ठरवणं म्हणजे चहाच्या टपरीवर तिघांना विचारून निवडणुकीचा निकाल सांगणं. वीस तरी बार काढायला हवेत.

"वीस?" ते दुखावल्यासारखे बघायला लागले. "वीस बार काढले तर सगळ्याच गोळ्या वाईट ठरतात."

याला माझ्या संख्याशास्त्रात उत्तर नाही. खरं सांगायचं तर त्यांनी एका वाक्यात माझं संख्याशास्त्र सांगितलं होतं. मी आणखी एक अवघड प्रश्न विचारला, कारण वारा सुटला होता. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हजार यार्डांवर त्यांच्या गोळीला चारपाच फूट तरी ढकलतो. वेगात सेकंदाला दहा फुटांची चूक झाली तर फार तर तीनेक इंच वरखाली. मग दारूचा एक दाणा बदलून काय साधतं? ग्रेनकाका क्षितिजाकडे बघत राहिले. "वारा मला मोजता येतो," म्हणाले. "बदलता येत नाही." आणि वाटीतला दाणा त्यांना बदलता येतो. यापुढं मी बोललो नाही. मीसुद्धा कंपनीची धोरणं सोडून दिवसभर दशांशच दुरुस्त करत असतो.

ही उडाणटप्पू वगळण्याची सवय आता सर्वत्र पसरलीय. डॉक्टरनं रक्तदाब तपासला, १६५ आला. ग्रेनकाका म्हणाले, पहिला आकडा धरू नका, थंड नळीचा बार नेहमी वर लागतो. दुसरा १५८. हा उडाणटप्पू. पाचव्या खेपेला १४० आला तो त्यांनी स्वतःच्या वहीत टिपून घेतला. डॉक्टरनं औषध लिहून दिलं तर विचारलं, गोळीचं वजन किती, आणि सगळ्या सारख्या असतात का?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा मी पेढे घेऊन कुंपणापाशी गेलो. आमच्या जिल्ह्याचा पोरगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, असं सगळं ऊर भरून सांगितलं. ग्रेनकाकांनी पेढा तळहातावर तोलला, मग विचारलं, "लॉट कुठला वापरला त्यानं?" मला राग आला. मग त्यांनीच समजावलं, आणि ते बरोबर होतं: त्या छोट्या .२२ च्या काडतुसात घरी काही भरता येत नाही, म्हणून मोठे नेमबाज कारखान्याच्या चाचणीगृहात रायफल शिकंज्यात धरून एकेक लॉट उडवून बघतात आणि आपल्या नळीला मानवेल तो उचलतात. "म्हणजे त्यांच्यातही सून बघूनच आणतात," बायको म्हणाली. ग्रेनकाकांना हा विनोद मी इंग्रजीत समजावला नाही.

बायकोचं माहेर सिंधुदुर्गात. तिच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती-संरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भातात शिरतात म्हणून तिकडे ती असते. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर संपत संपत संपली, आता ही बंदूक आवाजापुरती, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. ग्रेनकाकांना हे कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले. म्हणजे तुझे आजोबाही हातानं भरायचे! दारू कशानं मोजायचे?

"मुठीनं," बायको म्हणाली.

"आणि बारांमधला फरक किती पडायचा?"

"काहीच नाही. आजोबा बार काढायचे आणि डुक्कर पळून जायचं. दरवेळी."

ग्रेनकाकांनी हे वहीत लिहून घेतलं, अशी माझी समजूत आहे.

आता शिकारीबद्दल. एवढं सगळं कशासाठी, तर ऑक्टोबरात डोंगरात जाऊन एक म्यूल डिअर मारायचं. खेचरासारख्या कानांचं हे हरीण. मी त्यांना ओळखतो त्या सहा हंगामांत ग्रेनकाकांनी एकूण दोन बार काढले. एक नव्वद पावलांवरून, दुसरा त्याहून थोडा लांबून. दोन्हीही नापास गोळ्यांचे. सात वाट्यांपैकी कुठेच न बसणाऱ्या गोळ्या ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात फेकतात, आणि झाडीत शिरताना त्यातल्याच भरून नेतात, कारण चांगल्या गोळ्या लांबच्या नेमासाठी राखायच्या असतात. मी एकदा विचारलं, त्या नापास गोळीचा बीसी किती होता? "इतक्या जवळून बीसी कोण बघतो," म्हणाले, आणि मटणाची पिशवी माझ्या हातात ठेवली. बाकीची हरणं हिवाळ्यात बर्फ वाढला की डोंगरावरून उतरतात, थेट आमच्या गल्लीत. ग्रेनकाका दिव्याखाली वजनं करत असतात आणि खिडकीबाहेर चार हरणं त्यांच्या बायकोचे गुलाब खात असतात. शहरात बार काढायला बंदी आहे. गेल्या वर्षी हरणांनी आमची अंगणातली तुळसही खाल्ली.

त्या मटणाचा आईनं तांबडा रस्सा केला. तिला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. ग्रेनकाकांनी एक घोट घेतला, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी, पण वाटी खाली ठेवली नाही. श्वास परत आल्यावर विचारलं, "मिरची किती ग्रेन?"

"अंदाजानं," आई म्हणाली.

हा शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा समजून घेतला. मीठ? अंदाजानं. खोबरं? अंदाजानं. शिजवायचा वेळ? तेव्हापासून ते आईकडे, देवळातल्या गाभाऱ्याकडे बघावं तसं, जरा लांबून बघायला लागले.

पुढं गणपती आले. आईनं आणि बायकोनं मिळून उकडीचे मोदक केले, एकवीस. नैवेद्य झाला, आरती झाली, ग्रेनकाका टाळ्या वाजवत उभे होते, ताल सोडून. मग ताट पुढं आलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. मी त्या ताटाकडे पहिल्यांदाच त्यांच्या नजरेनं पाहिलं. खाली सपाट बूड, मग पोट, मग वर निमुळतं होत गेलेलं नाक, टोकाला शेंडी. ओजाइव्ह! एकवीस ओजाइव्ह, वाफाळते.

"मोजू?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू विचारलं की नाही म्हणवेना.

व्हर्नियर त्यांच्या खिशात असतोच. शिशाचं काम करणारा माणूस म्हणून बायकोनं त्यांना दोनदा हात धुवायला लावले आणि व्हर्नियर स्वतः उकळत्या पाण्यात धरला. चकतीचं भोक मोदकाला पुरेना, तेव्हा माझ्या मुलीची बारशातली बांगडी काढली. बांगडी मोदकाच्या नाकावरून अलगद उतरवायची, अडेल तिथं थांबायचं, बुडापासून तिथपर्यंत मोजायचं. तराजू ते घरून घेऊन आले. त्याची ताकद १५०० ग्रेनपर्यंत, मोदक साडेसातशेच्या आसपास. वर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्याचं वजन आधी वजा केलं. पहिल्या मोदकाला घाम फुटल्यासारखी वाफ आली आणि आकडा हलत राहिला, तेव्हा निवेपर्यंत थांबणं आलं. आई थक्क होऊन बघत होती. "गार झाल्यावर खायचं काय ते?" तिनं मला विचारलं.

मोदक दोन ताटांत जायला लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन डावीकडे. मला धोका कळायला थोडा उशीर झाला, एकवीस आकडे वहीत उतरले तेव्हा ग्रेनकाकांनी पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे विजयानं पाहिलं आणि म्हणाले, "दोन टेकड्या. हा माल दोन प्रेसचा आहे."

बायकोला इंग्रजी कळतं. ती ओट्यापाशी थबकली.

"या ताटातले अकरा," ग्रेनकाका सांगू लागले, "एकमेकांशी तंतोतंत. फरक जवळजवळ नाहीच. अशी कारागिरी मी कारखान्यातही बघितली नाही. आणि या ताटातले दहा..." त्यांनी शब्द शोधला. मोजणीदाराचा स्वभाव, खोटं बोलवेना. "या साच्याला जरा विश्रांती द्यायला हवी."

"काय म्हणालाय रे त्यो?" आई.

"म्हणताहेत, छान झालेत."

"एवढं लांब बोलला की."

"दोन्ही प्रकार छान झालेत, म्हणताहेत."

"दोन प्रकार कुठनं आलं? सारण एकच हाय."

बायको काही बोलली नाही. ती दोन्ही ताटांकडे बघत होती; कुठला मोदक कुणाच्या हातचा, हे तिला पाऱ्यांवरून कळत होतं, आणि आता आईलाही कळायला लागलं होतं, कारण तिनं पदर खोचला. ग्रेनकाकांना यातलं काही दिसलं नाही. त्यांनी तंतोतंत ताटातला एक मोदक तूप घालून खाल्ला, मान डोलावली. मग कर्तव्य म्हणून विश्रांतीच्या ताटातला एक खाल्ला. थांबले. दुसरा घेतला. तिसरा, चौथा. चौथ्यानंतर वहीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि पेन्सिलीनं डोकं खाजवत मला कानात विचारलं, या लॉटचे घरी न्यायला आणखी मिळतील का.

ते ताट कुणाचं होतं हे मी इथं लिहिणार नाही. हा अंक आमच्याकडे दोघीही वाचतात.